बसून जायचा पूल

बाबा,

तुम्ही एसटीतून उतरायचात त्याची मला भयंकर लाज वाटायची, हे आधी सांगून टाकते. पेणहून रोह्याला आत्याकडे जाताना नदीवरचा पूल आला की तुमची हाक ठरलेली, "मास्तर, जरा थांबवा. मी पलीकडं चढतो." कंडक्टर कपाळाला हात लावायचा. "अहो, गाडी माणसांनी भरलीय, तुमच्या एकट्याच्या वजनानं काय होतंय?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "मी मिठागरात पाट्या वाहतो. जो वाहतो त्याची आपन जरा दया करावी." आणि वर चपला काढून हातात! पुढे अनवाणी चालणारा माझा बाप, मागून रांगत येणारी एसटी, खिडक्यांतून खिदळणारे लोक. मी दप्तरात तोंड खुपसून बसलेली.

आठवीत असताना मी तडकलेच. "बाबा, चपला हातात धरल्या तरी वजन तेवढंच भरतं!" तुम्ही डोळा मिचकावला. "मला ठाव हाय. पुलाला कुठं ठाव?" मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणालात, "बरं गो, तू बांध एखादा पूल. त्यावरनं मी बसून जाईन." त्या एका वाक्यापायी मी इंजिनियर झाले, आणि तुम्ही माझा पूल कागदावर यायच्या आधीच निघून गेलात. अजून राग येतो मला.

तर यंदा रोह्याजवळ कुंडलिकेवर माझा पूल उभा राहिला. गणित सगळं माझं, म्हणजे चुकलं तर नावही माझंच. रस्ता खुला करायच्या आधी पुलाची परीक्षा असते. मधल्या गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागावर, भरलेले डंपर उभे करून ठेवायचे, गाळा किती खाली वाकतो, आमच्या भाषेत 'बसतो', ते खाली लावलेल्या मापाच्या काट्यावर बघायचं. मग डंपर काढायचे आणि तो परत वर येतो का, ते दुसऱ्या दिवशी मोजायचं. नाही आला तर सगळी मेहनत पाण्यात.

परीक्षेचा दिवस. मी नदीकाठच्या चहाच्या टपरीवर उभी राहून साहेबांना फोनवर ओरडून सांगतेय, "बसला साहेब! अगदी हवा तेवढाच बसला!" टपरीवाल्या मावशींच्या हातून किटली सुटते. तेवढ्यात धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटते आणि कंपनीची अख्खी बस नदीकाठी रिकामी होते. "पूल बसला! पूल बसला!" मी घसा फोडून सांगतेय, "अहो, बसायलाच हवा! उद्या उठेल!" मावशी म्हणतात, "आमचा घरवाला पन रोज हेच म्हनतो गो." सगळे हसतात. मला कसलं हसू येतंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काटा वाचला, काच पुसून पुन्हा वाचला. उठला होता, बाबा! मी मावशींच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. त्या म्हणाल्या, "अगो, उठला ना? मग रडतेस कशाला?"

गेल्या आठवड्यात पुलावरून पहिली एसटी गेली. खिडकीची जागा मी तुमच्यासाठी पिशवी ठेवून अडवली होती, त्यापायी एका काकांशी भांडलेसुद्धा. पूल दिसला आणि काय झालं कोण जाणे, माझ्याच तोंडून निघालं, "मास्तर, जरा थांबवा."

पिशवी बसून पलीकडे गेली. कंडक्टरला मी सांगितलं, पुलाचे सांधे तपासायचेत. साफ खोटं. हे पत्र काही कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून खरं लिहिते. सांध्यांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. बूट काढले, हातात घेतले आणि चालत पलीकडे गेले. वजन तेवढंच होतं, मला ठाव होतं.

पुलाला कुठं ठाव?