हाडाच्या खुंट्या

४ एप्रिल

आलो एकदाचे सामोस बेटावर! धक्क्यावर सासरेबुवा जातीने हजर. मिस्त्री स्तामातिस म्हणजे होड्या बांधण्यात या किनाऱ्यावरचं मोठं प्रस्थ. मला मिठी मारली आणि लगेच माझे तळहात उलटेपालटे करून पाहिले, घोडा विकत घेताना दात बघतात तसे. म्हणाले, जावईबापू, घट्टे आहेत म्हणजे पोरगी वाया गेली नाही. बायको, कल्लिरोई, हसून हसून बेजार! पिरेअस बंदरातली भाड्याची खोली सोडून आलोय, आता हा होड्यांचा कारखाना आमच्या नावावर व्हायचा. अट एकच, हातातली होडी पुरी करून द्यायची. संध्याकाळी भाजलेला ऑक्टोपस हाणला, वर बडीशेपेची दारू, ऊझो. झकास!

९ एप्रिल

होडी साधीसुधी नाही. समोरच्या खाडीत तेवीसशे वर्षं बुडालेलं जहाज एवांथियाबाईंनी वर काढलंय. बाई पुराणवस्तूंच्या जाणकार. त्यांना त्याची हुबेहूब प्रत हवीय. मी आयुष्यभर आधी सांगाडा उभा केला, मग त्यावर फळ्या ठोकल्या. हे जुने लोक उलट्या डोक्याचे! आधी तळाच्या कण्यापासून फळीला फळी जोडत अख्खं कवच उभं करायचं, सांगाडा सगळ्यात शेवटी. फळीच्या काठात खाच, खाचेत ओकची पट्टी, पट्टीवर वरची फळी बसवायची आणि मग आरपार खुंटी. पण काय तो सांधा! केस शिरणार नाही. मिस्त्री म्हणाले, चाळीस वर्षं मी फटीत काथ्या आणि डांबर ठासलं, आणि या लोकांना त्याची गरजच पडली नाही. मला माझ्या कामाची लाज वाटते, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

१७ एप्रिल

तीन फळ्या लावल्या, तिन्हींत फट. सुरी सहज आत जाते. मिस्त्री रात्रीही त्या फटींवरून बोट फिरवत बसतात.

सकाळी कॉफी पिताना एवांथियाबाईंनी उत्साहाने सांगितलं की जुन्या जहाजात प्रत्येक फळीत एक खुंटी ओकची नाही, हाडाची आहे. माणसाच्या बोटाचं हाड. तपासून आलंय. जेवताना मी बकऱ्याचं हाड तासून खुंटी केली आणि म्हटलं, मिस्त्री, ही लावून बघू, नाहीतर तुमचं एखादं बोट काढा! सगळे हसले. मिस्त्री तेवढे हसले नाहीत.

१८ एप्रिल

मिस्त्रींच्या डाव्या करंगळीच्या जागी फडकं. लाकूड तासायचा वाकस सटकला म्हणतात. तो हात कधी सटकत नाही.

आणि खालच्या फळीची फट मिटलीय. दाढीचं पातं लावून पाहिलं, शिरत नाही. मधोमध एक पांढरी खुंटी. मीच बोललो होतो ते. जीभ झडो माझी!

२४ एप्रिल

चार फळ्या मिटल्या. मिस्त्रींच्या डाव्या हाताला आता नुसता अंगठा उरलाय. आज मी डोळ्यांनी पाहिलं. ओली खुंटी ठोकली की फळी आपणहून खाली ओढली जाते, दात खाल्ल्यासारखा आवाज होतो. रक्ताचा थेंब जमिनीवर पडत नाही, लाकूड पिऊन टाकतं.

कल्लिरोईला म्हटलं, चंबूगबाळं आवर, निघू. ती म्हणाली, बापाला वेड लागलंय आणि मी पाठ फिरवू?

२९ एप्रिल

एवांथियाबाई आल्या होत्या. खुंट्या पाहिल्या आणि किंचाळल्या. पोलिसांना बोलावते म्हणाल्या, दाराकडे वळल्या. मिस्त्रींनी मागून मानेत वाकस घातला. एकच घाव. मी दहा हातांवर नुसता उभा होतो. शरम वाटते लिहायला.

मग ओंडक्यावर त्यांचा हात ठेवून बोटं तोडली. भाजीच्या शेंगा तोडाव्यात तशी, गुणगुणत. पण फळीने त्या खुंट्या बाहेर फेकल्या, एकेक करून. मिस्त्री म्हणाले, मेलेल्याचं नको तिला.

१ मे

कल्लिरोईला लाकडाच्या कोठीत कोंडलंय. किल्ली मिस्त्रीच्या गळ्यात. म्हणाला, दर फळीमागे एक बोट. तुझं, नाहीतर तिचं. मी अंगावर गेलो तर वाकस घेऊन कोठीच्या दाराला टेकला.

डावा हात पुढे केला. नको म्हणाला, कामाचा दे.

दिला.

३ मे

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर माझं वाटत नाही— उजव्याची चार गेली. चार फळ्या. कल्लिरोई आतून हाका मारते. मी ओरडून सांगतो, काही नाही गं, काम चाललंय— तिला हात लागू देणार नाही. माझे दोन्ही तोडले तरी—

४ मे, सकाळ

मारला त्याला. माझ्या अंगठ्याची खुंटी ठोकायला वाकला तेव्हा डाव्या हाताने लाकडी मोगरी घातली डोक्यात. तीनदा. चौथ्यांदा उगीचच. कवटी फुटली— फळीने ते रक्तही प्यायलं—

किल्ली काढून दार उघडलं. कल्लिरोई सुटली. देवा, सुटली!

४ मे, दुपार

तिने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. होडीभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक. म्हटलं, चल आता— रक्त फार गेलंय, पाय उचलत नाहीत, मला धर—

धरलं. बाकावर बसवलं. म्हणाली, एकच फळी राहिली रे आर्गिरिस. कारखाना आता आपला.

तुझ्यासाठी दिली गं बोटं, म्हटलं. तुझ्यासाठी. ती म्हणाली, माहीत आहे मला, राजा— किती प्रेमाने म्हणाली—

लिहीत बस म्हणते, दुखणं जाणवणार नाही. शेजारी बसलीय. माझ्या डाव्या मनगटाला दोरी बांधतेय, घट्ट. तो हात मांडीवर घेतलाय, पेनासकट— म्हणते, घाई नाही, एवढं वाक्य होऊ दे तुझं, मग