नऊ वर्षं नांदली

६ जानेवारी

आज डायलिसिसच्या मशीनवर असताना पोटरीत गोळा आला. ओरडलो — इतका की समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी कानातलं यंत्रच काढून ठेवलं! सिस्टर धावत आली. पाऊल मागे रेटून धरलं, अंगातलं पाणी खेचणं थांबवलं. "दोन दिवसांत किती पाणी पिऊन आलात?" एवढंच म्हणाली.

गोळा परवडला. येतो, जातो. हाडांचं तसं नाही. नडगी, खांदे, टाचा — आतून कुणीतरी सावकाश पिळत बसलंय.

घरी आईने विचारलं, "आज कसं?" म्हटलं, "बरं." तिने चादर सारली आणि पाय दाबायला बसली. तिला खोटं लगेच कळतं.

९ जानेवारी

दुकानात चष्म्याचा स्क्रू बसवत होतो. बोटं वळेनात. स्क्रू सारखा पडत राहिला. गिऱ्हाईक उगाच रस्त्याकडे बघत उभं. मालकांनी पुढे होऊन तो स्वतः बसवला. बोलले असते तर बरं झालं असतं. दुकान बंद करताना म्हणाले, "काचा मी बसवीन. तू उद्यापासून काउंटरवर बस."

काचा बसवणं, एवढं एकच तर मला नीट येतं.

१७ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला. फॉस्फरस वाढलाय. गळ्यातल्या बारीकशा ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतायत म्हणे. किडनीचे भोग हाडांच्या वाट्याला! जेवणाबरोबर चावायच्या गोळ्या वाढवल्या, एक औषध नवीन दिलं.

"दुखण्यावर काही?" मी विचारलं.

"अगदीच सहन होईना तर तापाची साधी गोळी. बाकीच्या दुखण्याच्या गोळ्या मला न विचारता घ्यायच्या नाहीत." मग आईकडे वळल्या. "आणि आजी, तुम्ही तर त्यांना हातही लावायचा नाही. एकाच किडनीवर चाललंय तुमचं."

"मला काय धाड भरलीय!" आई म्हणाली.

२८ जानेवारी

ताईचा फोन. पुन्हा तेच — "माझी साखर नसती तर मी किडनी दिली असती रे." ती रडते, मग मलाच तिची समजूत काढावी लागते.

आईने दिली तेव्हा सगळ्यांना सांगत सुटली होती, "एक लेक सासरी पाठवतेय, एक राहील घरी." गेल्या साली तिची ती किडनी माझ्या पोटात बंद पडली. मी लहान मुलासारखा रडलो. आईने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. "नऊ वर्षं नांदली," म्हणाली. "आणखी काय हवं?"

१२ फेब्रुवारी

कूस बदलता येईना. आईला हाक मारली नाही. तीच आली.

३ मार्च

खाली औषधवाल्याने हाक मारली. "आईंच्या गोळ्या आल्यात, घेऊन जा. गेल्या खेपेला संपल्या होत्या तर केवढ्या चिडल्या माझ्यावर!"

"कसल्या गोळ्या?"

"गुडघ्यांच्या. नेहमीच्याच."

पाकिटावरचं नाव वाचलं. हीच. हीच ती, जिला हात लावायचा नव्हता. जिना कसा चढलो ते आठवत नाही.

"कधीपासून घेतेयस?"

"रोज नाही घेत."

"आई!"

"अर्धीच घेते रे." मग पुढे माझ्याकडे न बघता, "गुडघे वाकत नाहीत. मनगटं धरतात. गोळी घेतली की घटकाभर हात चालतात. तेवढ्यात तुझे पाय होतात."

"नकोत मला पाय दाबून!"

"झोपेत कण्हतोस तू. तुला ऐकू येत नाही. मला येतं."

मी गोळ्यांची पिशवी जमिनीवर आपटली. ती उचलायला गेली, अर्ध्यावरच थांबली. मी पुढे झालो, मलाही वाकता येईना. दोघं त्या पिशवीकडे बघत उभे! आईला हसू फुटलं. कमरेला हात लावून हसली. मला नाही हसता आलं.

५ मार्च

आईचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही. त्याचीच भीती वाटली. "किडनीला मार बसलाय. आहे तेवढं जपू या," म्हणाल्या. गोळ्या बंद.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "चहा घेऊ या का कुठे?" जसं काही सिनेमा बघून निघालो होतो!

६ मार्च

पुन्हा ‘माझ्यामुळे’ म्हटलंस तर दोन दिवस बोलणार नाही, असा आईने दम दिलाय. म्हणून इथे लिहितो. माझ्यामुळे.

२ एप्रिल

नवीन औषध लागू पडतंय! नडगी गप्प आहे. आज जिना कठडा न धरता उतरलो, आणि खात्री करायला पुन्हा चढलो.

आईला सांगितलं. तिने माझा पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने हाड चाचपून पाहिलं. "खोटं बोलत नाहीस ना?"

"नाही ग."

"शपथ?"

"तुझी."

खरंच खोटं नव्हतं. ती पाय तसाच धरून बसली. दुखत नव्हता तरी मीही काढून घेतला नाही.

१८ एप्रिल

आईला परवापासून उलट्या. पाण्याचा घोटही टिकत नाही. "काहीतरी बाधलं असेल," म्हणत राहिली आणि मी ऐकत राहिलो. आज चेहरा सुजलेला. ताईला बोलावून घेतलं. ऍडमिट केलं.

२० एप्रिल

लघवी होत नाहीये. मार बसलेली किडनी, त्यात अंगातलं पाणी गेलं — डॉक्टरीणबाईंनी ताईला समजावून सांगितलं. मला सांगावं लागलं नाही.

ताईने माझी बाही धरली. "परत चालू होईल ना रे? तुला ठाऊक असेल."

"होईल," म्हटलं.

२३ एप्रिल

वाट बघून झाली. मशीनवर घ्यावं लागेल म्हणाले. आई नाही म्हणते! "सत्तरी झाली माझी. मला नका लावू ते. मी पाहिलंय त्याचं काय होतं."

ताई पाया पडली. मी खाटेजवळ बसलो. तोंडातून निघून गेलं — "तुला नको तर मलाही नको. उद्यापासून मी जात नाही."

थोबाडीत बसली! हातात जोर नव्हता, पण नेम चुकला नाही. ताई बघतच राहिली. आई मान वळवून भिंतीकडे बघत होती. तशीच म्हणाली, "नालायक. कुठे सही करायची ते विचारून ये त्यांना."

२५ एप्रिल

आज आम्हा दोघांची पाळी एकच होती. आईची खाट माझ्या शेजारी लावली. तिच्या मानेत घातलेल्या नळीला सिस्टरने मशीन जोडलं, तेव्हा ती मला म्हणाली, "तिकडे तोंड कर."

मी केलं नाही.