घरात आलेली शेगडी

नोएमी,

तुझ्या बाबांनी मांस भाजायची शेगडी अंगणातून घरात आणली, तिथेच माझं सगळं बदललं. बर्फाच्या इशाऱ्यावर ते हसले होते, "हे काय अलास्का आहे? दुकानदारांचे पाव खपवायचे धंदे!" मग अख्ख्या दक्षिण टेक्सासची वीज गेली, आणि उबेसाठी त्यांनी ती शेगडी घरात पेटवली. कोळशाच्या वायूनं तू झोपेतच गेलीस, ते वाचले. मी कॉलेजात परत गेलोच नाही.

आज पुन्हा इशारा आहे. सगळे शाळेच्या उबदार हॉलकडे निघालेत. शेजारीण म्हणाली, "म्हातारा हलत नाही. म्हणतो, मला इथंच गोठू दे. जा की, तुझाच सासरा!"

मी त्यांना शिव्या घालीन, पण ओढून नेईन. तुझे बाबा आहेत ते. निघालो, दार ओढून घेतोय.

तुझाच,
इसिद्रो