लडी धरणारा

ता. ३ डिसेंबर

चि. घड्याळजीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचं पत्र पोचलं. झटका येऊन गेल्यापासून उजवा हात मांडीवर टाकून भिंतीकडे बघत बसतोस म्हणे. डॉक्टर म्हणतात, हलवला नाही तर कायमचा गेला. मग घड्याळं कोण उघडणार? म्हणून सुया पाठवते. हसू नकोस. लोकर विकतची नाही, माझा जुना स्वेटर उसवून, धुऊन लड्या केल्यात.

एक सुई उजव्या काखेत दाब, दुसरी डाव्या हातात; उजवा हळूहळू आपणच मदतीला येईल. डाव्याने कसं विणतात ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून पूजा आटोपून आरशासमोर बसले. आरशातली बाई डावखुरी, झरझर विणत होती. चष्मा काढला तर ती थेट आपली आई दिसायला लागली. तिच्याकडे बघता बघता दूध उतू गेलं. तेही तुझ्याच खात्यावर.

टाका निसटला तर निसटू दे. लोभ आहेच, काटकसर फक्त बाकीच्यात.

तुझी ताई

ता. १९ डिसेंबर

ती. वन्संना सा. न.

हे म्हणतात, ताईला कळव, घड्याळजीची म्हातारी केलीस! चिडत चिडत चार ओळी विणल्या, पण टाके इतके घट्ट की सुई हलेना. काल सगळं फेकलं. म्हणाले, हात मेला तो मेला.

दुपारी खिडकीतल्या उन्हात दुसरी लडी घेऊन लोकरीचा गुंडा करायला बसले. ती गुंतायला लागली. सवयीने म्हटलं, जरा धरा हो. आणि वन्सं, ह्यांनी दोन्ही हात पुढे केले. दोन्ही! उजवा जरा खाली, थरथरता, पण अधांतरी. मी श्वाससुद्धा हळू घेतला. लडी अडकवली, गुंडाळत राहिले. मनगटं डुलत होती, डोळे अर्धे मिटलेले. मध्येच पुटपुटले, आई, ताईचं झालं की माझा नंबर ना?

देवाजवळ दिवा लावलाय. आपली माया अशीच राहू द्यावी.

आपली भावजय

ता. २४ डिसेंबर

चि. घड्याळजीस अनेक आशीर्वाद.

आई मला विणायला शिकवायची तेव्हा लडी तूच धरायचास. सुया मागून रडायचास. आई म्हणायची, हात असे वर धरून ठेव, शिकणं तिथूनच सुरू होतं. मला वाटायचं, तुला गप्प करायला म्हणते.

आज आणखी एक स्वेटर उसवला. हा काही जुना नव्हता. देवाने विचारलंच तर जुना होता म्हणेन. गुंडे केले नाहीत, मुद्दाम लड्याच पाठवते आहे. सुयांची घाई नाही. बायकोला समोर बसव, हात वर धर. तुझा नंबर आला.

तुझी ताई