बकरी आणि तिच्या टर्बोची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी लेथवर टर्नर व आता निवृत्त, ओळख ‘टर्नरबाई’, आज सकाळी पोटभर नाश्ता करून, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे लागलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते, ते अशासाठी की माझ्यामागे माझ्या वस्तूंवरून घरात आवाज चढू नयेत. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. वकीलबाईंनी ‘मोजकं लिहा’ असं बजावलं आहे. मोजकंच लिहीन, पण माप माझं.

कलम १. राहतं घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, वरची एक आणि मागचं वर्कशॉप, माझ्या एकुलत्या मुलीला मिळावं. माझ्या नणंदेला, जिला गेली पन्नास वर्षं मी वन्सं म्हणते आणि या कागदातही म्हणणार आहे, हयातीपर्यंत या घरात राहण्याचा पूर्ण हक्क राहील. वरची खोली त्यांचीच. जिन्याला मी दोन्ही बाजूंनी पाइपाचे कठडे वेल्ड केले आहेत. ते कुरूप दिसतात असं मुलीचं म्हणणं आहे. दिसू देत. वन्संच्या हयातीत ते काढायचे नाहीत.

कलम २. बँकेत जे काही असेल ते निम्मं मुलीला आणि निम्मं वन्संच्या डोंगरमाथ्यावरच्या दवाखान्याला.

कलम ३. गाडी. ती कोणाला द्यायची हे शेवटी लिहिते. ती काय चीज आहे हे आधी सांगणं भाग आहे, नाहीतर माझ्यामागे कोणीतरी शहाणा तिच्यातला टर्बो काढून भंगारात घालेल.

गाडी माझ्या यजमानांची. जमीन मोजणीच्या कामाला त्यांनी घेतली होती. दोन दारं, चारही चाकांना ओढ, आणि इंजिन शिवणयंत्रापेक्षा जरा मोठं. दगडधोंड्यांतून उड्या मारत जाते म्हणून त्यांनी तिचं नाव ‘बकरी’ ठेवलं. ते गेले आणि बकरी वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. पुढे वन्सं नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या. त्यांनी डोंगरमाथ्यावरच्या वस्तीत दर गुरुवारी दवाखाना सुरू केला, तेव्हा ती पुन्हा बाहेर निघाली. मी चालवायची, वन्सं शेजारी, मागे औषधांच्या पेट्या आणि लहान मुलांच्या लशींचा बर्फाचा डबा.

शेवटच्या दोन वळणांवर मात्र बकरी बसायची. पहिला गिअर, पाय पूर्ण दाबलेला, तरी गाडी जागची हलत नसे. मग वन्सं उतरायच्या, बर्फाचा डबा उचलायच्या आणि दुखरा गुडघा घेऊन चालत वर जायच्या. हलकी झालेली गाडी मी मागून कशीबशी आणायची. असं दोन वर्षं चाललं. एका गुरुवारी गाडी घेऊन मागून आले तर वन्सं वाटेतल्या दगडावर बसलेल्या, डबा मांडीवर.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही गं. अजून महिना-दोन महिने जमेल. मग बघू.”

ज्या बाईनं चाळीस वर्षांत एकाही रोग्याला ‘बघू’ म्हटलं नाही, ती स्वतःसाठी बघू म्हणाली. मला ते अजिबात आवडलं नाही.

त्याच आठवड्यात आरोग्य कार्यालयाचं पत्र आलं. भरवशाचं वाहन नसेल तर माथ्यावरचा दवाखाना बंद करण्यात येईल, दोन महिन्यांनी तपासणी. नव्या गाडीचा विषय घरात निघाला आणि लगेच बसला. मग मी वन्संना म्हटलं, “आपण हिला टर्बो लावू.”

“ते औषध आहे का?” वन्संनी विचारलं.

जे वाचतील त्यांच्यासाठी सांगते. इंजिनातून जो धूर जोरानं बाहेर पडतो, त्याच्या वाटेत एक पंखा ठेवायचा. धुरानं तो फिरतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. मी एकतीस वर्षं पाण्याच्या पंपांचे पंखे वळवले. हा हवेचा पंप, एवढाच फरक.

एवढाच नव्हता, ते पुढे कळलं.

भंगारवाल्याकडे एका डिझेल गाडीचा जळका टर्बो मिळाला. पंखे शाबूत, बाकी सगळं फुटलेलं. दांडा मी नवा वळवला, तो ज्यांत फिरतो ते बुश पितळेसारख्या दिसणाऱ्या गनमेटलचे केले, धुराच्या बाजूच्या पंख्याचं घर जाड पत्र्याचे तुकडे जोडून वेल्ड केलं. सगळ्यात जास्त वेळ तोल साधायला लागला. ही वस्तू मिनिटाला लाखभर फेरे घेते, केसाएवढी जरी एका बाजूला जड असली तरी स्वतःलाच खाते. यजमानांच्या दाढीच्या डब्यातली दोन पाती समोरासमोर उभी बसवली, त्यांच्या धारेवर दांडा ठेवला, जी बाजू खाली जाईल ती किंचित घासली. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी दांडा कसाही ठेवला तरी तिथंच थांबायला लागला. त्या दिवशी मी एकटीच वर्कशॉपमध्ये टाळ्या वाजवल्या.

आता भावजींबद्दल. माझे धाकटे दीर, चौकातल्या गॅरेजचे मालक. माझं लग्न झालं त्या वर्षी ते म्हणाले होते, “वहिनी, बाईमाणसानं लेथवर फार तर लाटणं वळवावं.” मी त्यांना साडेतीन किलोचं लोखंडी लाटणं वळवून दिलं. ते त्यांच्या गॅरेजच्या दाराला अडसर म्हणून अजून आहे. टर्बोची बातमी कळल्यावर ते रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन वर्कशॉपच्या दारात उभे राहू लागले.

पहिली चाचणी चढाच्या पायथ्याशी. टर्बोची शीळ वाजली, दाबाचा काटा वर सरकला, आणि इंजिन खोकून बंद. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. काटा वर गेला की गाडी मरते.

“वहिनी, तुम्ही इंजिनाला दमा लावलात,” भावजी म्हणाले. ते दुसऱ्या दिवशी अख्ख्या चौकाला ठाऊक होतं.

तीन दिवस मी कार्बोरेटर उघडला आणि मिटला. हवा भरपूर, ठिणगी चांगली, पंपात पेट्रोल, मग इंजिन उपाशी का? चौथ्या दिवशी वन्सं इस्त्री करता करता म्हणाल्या, “मला एकदा नीट सांग, पेट्रोल असतं कुठे?”

“छोट्या वाटीत. तिथून बारीक नळीनं हवेच्या झोतात जातं.”

“आणि झोत आता जोराचा झालाय. पण वाटीवर?”

“वाटीवर साधी बाहेरची हवा.”

“मग कसं उतरेल? जुन्या काचेच्या सलाइनच्या बाटलीला हवेची सुई लावल्याशिवाय थेंब पडायचा नाही. आत दाब हवाच ना, वहिनी!”

हेच हुकलं होतं. झोताचा दाब वाटीलाही मिळायला हवा होता, नाहीतर तोच दाब पेट्रोलला मागे ढकलणार. एक वीतभर रबरी नळी आणि जोराचा पेट्रोल पंप, एवढ्यानं काम झालं. ती नळी वन्संच्या जुन्या सामानातलीच आहे. इस्त्रीखालचा परकर जळला तो वेगळा. इथं नोंद करते की या टर्बोची अर्धी कारागीर वन्सं आहेत, आणि आजवर लोकांनी माझी एकटीचीच वाहवा केली ती चूक होती.

कलम ४. दाब हद्दीबाहेर गेला तर उघडणारी एक झडप मी बसवली आहे. तिची स्प्रिंग कोणीही घट्ट करू नये. जोर वाढेल, आणि दोन गुरुवारांत पिस्टन वितळेल. ही सूचना सर्वांना आहे, पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे भावजी आहेत. तसंच, चढ चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नये. दोन मिनिटं इंजिन तसंच चालू द्यावं, म्हणजे तापलेल्या बुशांना तेल मिळतं. वर पोचलेल्या माणसानंही तेवढा दम खावा.

कलम ५. माझा लेथ, त्याचे सगळे चक, टूल आणि मापं, भावजींना मिळावीत.

हे वाचताना घरातले सगळे भावजींकडे वळून बघतील हे मला ठाऊक आहे, म्हणून कारण लिहिते. तपासणीला आरोग्य कार्यालयाच्या डॉक्टरीणबाई आल्या. बारीक चष्मा, हातात कागद लावलेली पाटी, हसणं नाही. त्या पुढे बसल्या, वन्सं डबा घेऊन मागे, आणि कोणी बोलावलं नसताना भावजी वन्संशेजारी. भावजी म्हणजे एका माणसात दोन माणसं.

“शेवटच्या वळणांआधी उतरावं लागतं असं ऐकलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“बसून राहा,” वन्सं म्हणाल्या.

दुसरा गिअर टाकला. शीळ चढली, बकरी खरंच बकरीसारखी निघाली. पहिलं वळण पार. दुसऱ्या वळणाच्या मध्यावर मात्र फुस्स असा आवाज झाला, काटा खाली आला आणि गाडी थांबली. मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा ना. हवेच्या पाइपाचा क्लिप निसटला होता, आणि ज्या माणसानं दोन महिने या क्षणाची वाट पाहिली तो माझ्या मागच्या सीटवर होता.

भावजी उतरले. मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. पाइप धगधगत होता. त्यांनी बोटं भाजू दिली, पण क्लिप आवळल्याशिवाय हात काढला नाही. डॉक्टरीणबाईंनी पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं तसे ते खिडकीशी आले.

“हे लिहू नका, बाई. नव्या पाइपाला गरम झाल्यावर एकदा आवळावंच लागतं. मी तीस वर्षं गॅरेज चालवतोय. काम पक्कं आहे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “वहिनी, मी वजन कमी करत नाही हं. आत बसतो. इथूनच उचला.”

उभ्या चढावर, जागच्या जागी, पाच माणसांच्या वजनाची गाडी उचलायची. क्लच सोडला, काटा थरथरला, वर आला, शीळ घुमली. मागून वन्सं म्हणत होत्या, “चल गं, चल गं,” मला की बकरीला कोण जाणे. चाकांखालची खडी मागे उडाली आणि आम्ही वर होतो. वस्तीतली माणसं दवाखान्याच्या ओट्यावर उभी होती. बकरी सगळ्या माणसांसकट वर आलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं : ‘वाहन योग्य. आवाज करते.’

मी त्या दिवशी भावजींना शब्दानंही काही बोलले नाही. दवाखाना टिकला, गुरुवार चालू राहिले, आणि बोलायचं राहून गेलं. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर डाग आहे. लेथ त्यांनाच. लाटण्याचा हिशेब मी आजपासून मिटवला.

कलम ६. माझं शिवणयंत्र, चष्म्यांचे डबे आणि कपाटातल्या साड्या मुलीनं हव्या त्या घ्याव्यात, बाकी वाटाव्यात. माझ्या कामाच्या दोन निळ्या कोटांपैकी एक तिनं ठेवावा. तेलाचे डाग जात नाहीत, धुऊन बघू नये.

कलम ७. आता गाडी.

मागच्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यानं असहकार पुकारला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चालवायला मनाई केली. घरी येऊन मी किल्ली खुंटीला लावली आणि वन्संना म्हटलं, “झालं. संपले गुरुवार.”

“किल्ली दे इकडे,” वन्सं म्हणाल्या. वय अडुसष्ट. आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. भावजींनी त्यांना गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत शिकवलं. कुंपणाचे तीन खांब पडले, ते भावजींनीच पुन्हा रोवले. परवाना तिसऱ्या खेपेला मिळाला. तरी चढाचा रस्ता आला की भावजीच चालवायला बसायचे, मी मागे.

मागच्या गुरुवारी भावजी आलेच नाहीत. “आज तुमचं तुम्ही बघा,” असा निरोप. वन्संनी पदर खोचला, सीट पुढे ओढली आणि मला शेजारी बसवलं. पायथ्याशी त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“काही सांगायचंय?”

“नाही,” मी म्हटलं. सांगायचं खूप होतं. हात मांडीखाली दाबून बसले.

त्यांनी दुसरा गिअर टाकला. सहा वर्षं हा चढ मी चालवत चढले. सगळा जीव काट्यात, क्लचमध्ये, पुढच्या दगडात. शेजारच्या सीटवरून तो मी कधी पाहिलाच नव्हता. खाली नदी वळते हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वळणावर शीळ चढत गेली, बारीक, सरळ, कुठे न तुटता, आणि मी ती पहिल्यांदा नुसती ऐकली. वन्सं तोंडानं गिअर मोजत होत्या. गुडघा क्लचवर होता, दुखतच असणार. वर पोचल्यावर त्यांनी किल्लीला हात लावला नाही. इंजिन चालू ठेवून त्या तशाच बसून राहिल्या.

“रडतेस काय, वहिनी?”

“डोळ्याचं औषध घातलंय,” मी म्हटलं.

“आज घातलेलं नाहीस. मीच घालते रोज.”

सबब, बकरी, तिच्या टर्बोसकट, वन्संच्या पूर्ण मालकीची राहील. त्यांनी ती हवी तशी, हवी तिथे, हवी तितकी वर न्यावी. या कलमावर कोणाचीही हरकत चालणार नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, वन्संनी मोठ्यानं वाचून दाखवला, आणि परकराबद्दलचं वाक्य खोडायला सांगितलं. ते मी खोडलेलं नाही. सही माझी, माझ्याच हातची.

सही : टर्नरबाई

साक्षीदार १ : आरोग्य कार्यालयातील डॉक्टरीणबाई, आता निवृत्त. माझ्यासमोर सही झाली. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २ : भंगारवाला. माझ्याही समोर झाली. तो टर्बो परत विकत घ्यायची माझी तयारी होती, आता विषय संपला.

(भावजींना साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीला राहता येत नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं. “मला काय मिळतंय?” त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.)

ठिकाण : वर्कशॉप, लेथशेजारचं टेबल.
तारीख : महिन्याचा दुसरा गुरुवार, सकाळी आठ. बाहेर वन्सं हॉर्न वाजवत आहेत.