फो ल्विनची पोटरी

३ ऑगस्ट
उजव्या गुडघ्यामागच्या लवणीत काहीतरी आलं आहे. लिंबाएवढं, गोल, दाबलं तर घट्ट. सकाळभर घाबरलो होतो. दुपारी उलगडा झाला. मसल आहे. जन्मभर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायानं वल्हं मारलं, त्याचं फळ. उशिरा आलं, एवढंच.
माझ्याच वयाच्या फो ल्विनला असलं काही नाही.

४ ऑगस्ट
स्वतःची लवण स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याची मात्र चांगली दिसते. बायकोचा आरसा फळीवर ठेवून, लुंगी वर करून बघत होतो, तेवढ्यात तीच, मा शान, आली. म्हणाली, आता या वयात मागून सुंदर दिसायचं आहे का? आरसा घेऊन गेली.

८ ऑगस्ट
मुखियानं चहाला बोलावलं. सोबत चहाच्या पानांचं लोणचं होतं, पण गोष्ट महत्त्वाची निघाली. अठरा दिवसांच्या उत्सवात आमच्या गावची लांब होडी बुद्धमूर्तींची सोनेरी नाव ओढायला जाते. होडीच्या पुढच्या टोकाला एक जुना माणूस उभा राहतो आणि त्याच्या पायाच्या ठेक्यावर सगळे वल्हवतात. तिथे उभे राहणारे आता भिक्षू झाले. नावं दोनच: मी आणि फो ल्विन. महिनाअखेर चाचणी.
सगळं इन्ले सरोवर त्या माणसाकडे बघतं. ही जागा मला हवी. तरुणपणी सगळं त्यालाच मिळालं. शर्यती त्याच्या, आणि आजही दात त्याचे, केस त्याचे.
निश्चय: रोज पहाटे वल्हवायचं. विडी बंद.

९ ऑगस्ट
पाऊस. वल्हवणं उद्यापासून. पाऊस असल्यामुळे विडी ओढली.

१३ ऑगस्ट
मासे धरायचं टोपलं मागायच्या निमित्तानं फो ल्विनकडे गेलो. पाठमोरा उभा राहून होडीच्या फटी बुजवत होता. नीट पाहून घेतलं. पोटरीला दोन गोळे असतात हे त्याच्याकडे बघून कळतं. माझ्या दोघांचं केव्हाच एकमत झालं आहे. पण लवण? सपाट, रिकामी. बिचारा.
मी माझी दाखवली. बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, डॉक्टरला दाखव. जळला.
टोपलं विसरलो.

२० ऑगस्ट
मसल वाढतो आहे. आता पाय पूर्ण दुमडत नाही. पागोड्यात गुडघे टेकवेनात, म्हणून मनातल्या मनात टेकले. टोमॅटोच्या बागेतल्या बायकांनाही मसल दाखवला. एकीनं विचारलं, काका, दुखतं का? ताकद थोडीफार दुखतेच.

२९ ऑगस्ट
चाचणी झाली. वल्हं माझ्या मापाचं नव्हतं. वाराही होता.
खरं ते लिहितो. पाय वल्ह्याभोवती वळलाच नाही. वल्हं निसटलं, मग मी. फो ल्विननं बखोटीला धरून वर काढलं. काठावरचे लोक हसले नाहीत, हे जास्त वाईट. तो कानाशी हळूच म्हणाला, "अरे शहाण्या, तुझी लवण भरलीये. वल्हं बसणार कुठं?"
जागा त्याला मिळाली. आपलेपणानं बोलला, याचा राग अजून जात नाही.

३० ऑगस्ट
गावात डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भिंतीवर एका माणसाचं चित्र होतं, पाठमोरं, कातडी नसलेलं. पोटऱ्या हुबेहूब फो ल्विनच्या. चित्रासाठीही त्यालाच बोलावलं असणार.
बाई म्हणाल्या, हा मसल नाही. सांध्यातलं वंगण मागं झिरपतं, मांडीच्या स्नायूची दोरी आणि पोटरीचा गोळा यांच्या फटीतून बाहेर येतं आणि तिथे पिशवी होते. आत गुडघा झिजलाय, बाबा. जवळूनच रक्ताची मोठी नळी जाते, म्हणून सुई जपून घालायची.
सिरिंजभर पाणी काढलं. पिवळसर, चिकट. एवढ्या दिवसांची माझी ताकद वाटीत मावली.
यंदा वल्हवायचं नाही म्हणाल्या.

१२ सप्टेंबर
फो ल्विन भेटायला आला, येताना आंबवलेला भात घेऊन. मी झोपल्याचं सोंग केलं. तो तासभर मा शानशी बोलत बसला. ती इतकी हसली की मला कूस बदलावी लागली.
भात चांगला होता.

६ ऑक्टोबर
उत्सव सुरू. काठावरून पाहिलं. फो ल्विन टोकाला उभा, पाठमोरा. लोक सोन्याच्या नावेकडे बघत होते. मी त्याच्या लवणीकडे. सपाट. एक गोष्ट कबूल करायला हवी: ठेका चांगला होता. करतो. पण कुणाला सांगणार नाही.

१४ ऑक्टोबर
सकाळी दारात मुखिया. फो ल्विनचा गुडघा काल सुजला म्हणाला, त्यालाही मागं गाठ आली आहे. मी ऐकता ऐकताच उत्सवाचा रेशमी रुमाल डोक्याला बांधला. लंगडा तर लंगडा, अर्धा तास उभा राहीन.
मुखिया म्हणाला, "टोकाला माझा मेव्हणा उभा राहील. तुम्ही फो ल्विनकडे जा. बाई सुई घेऊन आल्यात आणि हा हात लावू देत नाहीये. तुमचंच ऐकेन म्हणतो."
गेलो. रुमाल सोडायचा राहिला. फो ल्विन पालथा पडला होता, उशीत तोंड खुपसून. त्यानं विचारलं, "फार दुखतं का रे?" मी म्हटलं, मुंगी चावल्यासारखं. खोटं बोललो. त्यानं माझा हात धरला तो सुई बाहेर येईपर्यंत सोडला नाही.
त्याच्यातून दोन सिरिंज भरून पाणी निघालं. माझी एकच भरली होती.