फक्त झाडावर पिकलेली

२ ऑगस्ट, सकाळ
ही लेकीकडे गेली. हवापालट. मी कधीपासून म्हणतच होतो की जा चार दिवस. म्हणालो नसेन, पण मनात होतं.
जाताना मागच्या खोलीची किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हणाली, यंदा नाशपाती तुम्हीच विका. अर्थ उघड आहे. विश्वास.

२ ऑगस्ट, संध्याकाळ
रविवारच्या जेवणावरून रागावली असेल असं लेक फोनवर म्हणते. शक्यच नाही. तो विनोद होता. मी एवढंच म्हणालो की आमच्या हिच्या हातात सोनं दिलं तरी ही ते पितळेच्या भावाने विकेल आणि वर पिशवी फुकट देईल. सगळे पाहुणे पोट धरून हसले. विनोद चांगला असल्याशिवाय कोणी हसत नाही. ही वाढता वाढता जरा थांबली, मग पुन्हा वाढायला लागली. म्हणजे तिलाही आवडला असणार.
दूध उतू गेलं. शेगडीचा दोष.

३ ऑगस्ट
उद्यापासून पाचला उठणे. बागेत फेरी. साखर बंद.

४ ऑगस्ट, सकाळी ९.१०
उठलो.
बाग पाहिली. घराच्या पाठीमागे विहिरीपर्यंत नाशपातीची झाडं, लगडलेली, सगळी हिरवी आणि दगडासारखी टणक. मी जन्मभर पाण्याचे पंप विकले. ज्यांच्याकडे विहीर नव्हती त्यांनासुद्धा विकले. माझ्यापुढे या एवढ्याशा बागेची काय कथा! बाजार म्हणजे काय हे आता हिला कळेल. मोठ्ठी विक्री झाली की मग फोन करायचा, तोवर अवाक्षर नाही. मग येईल धावत.

५ ऑगस्ट
व्यापारी आला. दरवर्षी याच सुमाराला टेम्पो घेऊन येतो, फाटकाशी उभा राहून हिच्याशी घासाघीस करतो आणि घरापुरता सोडून कच्चा माल सगळाच्या सगळा उचलतो. आल्या आल्या विचारलं, वहिनी कुठे. मी म्हटलं, यापुढे माझ्याशी बोलायचं. त्याने एक फळ दाबून पाहिलं आणि म्हणाला, याच आठवड्यात उतरवा. मी त्याच्या तोंडावर हसलो. कच्चं कवडीमोलाने उचलायचं, आपल्या गोदामात पिकवायचं आणि पिकलेल्या भावाने विकायचं, असा हा सगळा गेम आहे. इतकी वर्षं ही त्याला फसत आली! बिचारी. सरळ नाही म्हणून सांगितलं. चहा न घेताच गेला. नाहीतरी केला नव्हता.

६ ऑगस्ट
दाढी करताना स्ट्रॅटेजी सुचली. हनुवटी कापली, पण सुचली. आपला माल कच्चा उतरवायचाच नाही! झाडावरच पूर्ण पिकू द्यायचा. निसर्गाच्या कुशीत. असं कोणीच करत नाही. का करत नाही? कारण कोणाच्या डोक्यातच आलं नाही.
सोनेरी लेबलं छापायला टाकली. ‘फक्त झाडावर पिकलेली.’

९ ऑगस्ट
तिचाच फोन आला. ‘कसे आहात’ नाही, ‘जेवलात का’ नाही. एकच विचारलं, उतरवल्या का. मी म्हटलं, सरप्राइज आहे. मग म्हणाली, रंग बघत बसू नका, देठाशी दाबून बघा. आणि फोन लेकीकडे दिला.
हा फोन मी दिवसभर मनात घोळवला. ज्या बाईला घराची ओढ नाही ती घरच्या नाशपातीची चौकशी करेल का? महिनाअखेर परत येते, लिहून ठेवतो.
निळ्या शर्टाचं बटण तुटलं. आल्यावर लावेल.

१३ ऑगस्ट
लेबलं आली. काय झकास दिसतात! शेजारच्या गोठेवाल्याला दाखवली. त्याने उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, वहिनी आल्या का. मी लेबलाबद्दल काय वाटतं ते विचारत होतो. या गावाला मार्केटिंग कळत नाही.

१६ ऑगस्ट
मोठ्या हॉटेलात गेलो. मॅनेजरने लेबलाची तारीफ केली. म्हणाला की ते लोक पाकातली, डब्यातली नाशपाती वापरतात, सगळ्या फोडी एका मापाच्या येतात. तास-दीड तास मी त्याला ताज्या फळाचं महत्त्व पटवलं. शेवटी त्याने मला डब्यातल्या नाशपातीचं आइस्क्रीम खिलवलं. बरं होतं.
साखर उद्यापासून बंद.

१७ ऑगस्ट
फळं पिवळी व्हायला लागली. स्ट्रॅटेजी बरोबर चालली आहे.
गोठेवाला कुंपणावरून म्हणाला, एखादी कापून तर बघा. मी नाशपाती खात नाही. दातांत रवा अडकल्यासारखं वाटतं. शिवाय विकणाऱ्याने माल कशाला खायचा? पंपाचं पाणी मी कधी प्यायलो होतो?

२० ऑगस्ट
लेकीचा फोन. आई मजेत आहे म्हणाली. रोज सकाळी बिल्डिंगखालच्या फळांच्या दुकानात जाते. जाऊ दे, तेवढाच टाइमपास. आईचे स्वेटर, दोन्ही शाली आणि उन्हाळ्यातल्या साड्यांची पेटी कोणाबरोबर तरी पाठवा, असंही म्हणाली. स्वेटर कशाला ते लक्षात आलं. जावयाला एसी फार लागतो. उन्हाळ्यातल्या साड्यांचं कोडं सुटलं नाही.
फोन ठेवण्याआधी लेक म्हणाली, बाबा, तुम्हाला कळतंय ना. मी म्हटलं, न कळायला काय झालं. काय, ते विचारायचं राहिलं.

२३ ऑगस्ट
झाडाखाली सडा पडला आहे. गांधीलमाश्या घोंघावताहेत. चांगली खूण आहे, त्यांना गोड बरोबर कळतं. हा खराखुरा कस्टमर फीडबॅक म्हणायचा.
पेटी भरायला तिचं कपाट उघडलं. निम्मं आधीच रिकामं होतं. जाताना एवढं कधी नेलं? बहुधा इस्त्रीला दिलं असेल.

२४ ऑगस्ट
अंतिम स्ट्रॅटेजी. माल लेकीच्या बिल्डिंगखालच्या त्याच दुकानात द्यायचा! ही गॅलरीत कपडे वाळत घालत असणार. खाली बघते तर टेम्पो. टेम्पोतून सोनेरी लेबलांची खोकी उतरताहेत आणि शेजारी मी. धावत खाली येईल. म्हणेल, अहो, हे तुम्ही केलंत? मी म्हणेन, त्यात काय एवढं. मग म्हणेन, चल आता घरी. ‘तुझी चूक नव्हती’ असंही म्हणेन. मन मोठं ठेवायचं.
आरशासमोर दोन वेळा म्हणून पाहिलं. ‘त्यात काय एवढं’ चांगलं जमतं.
सबंध दिवस फळं उतरवली, एकेकावर लेबल चिकटवलं. हात लावताच हातात येतात. हिला उगाच शिडीवर त्रास व्हायचा.

२६ ऑगस्ट
सकाळी गेलो. निळा शर्ट, बटण दिसू नये म्हणून वर कोट. उकडून जीव चालला होता. गॅलरीत कोणी नव्हतं.
दुकानदार सज्जन माणूस. लेबल त्याला फार आवडलं. म्हणाला, पण आमच्याकडे माल बघायला एक बाई येतात, त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी एक फळ घेत नाही. आणि आत वळून हाक मारली.
ही बाहेर आली.
कमरेला एप्रन, हातात सुरी, चष्मा डोक्यावर. मला पाहिलं. थबकलीसुद्धा नाही. वरचंच फळ उचललं, देठाशी अंगठा दाबला आणि कापलं. वरून कसं पिवळंधमक होतं. आत सगळं तपकिरी, लगदा. दुसरं कापलं. तेच. मग दुसऱ्या खोक्यातलं एक. तेच.
दुकान भरलेलं होतं. पिशव्या घेतलेल्या बायका थांबून बघत होत्या, गल्ल्यावरची मुलगी मान उंच करून बघत होती. अशा वेळी एक वाक्य टाकलं की सगळे हसतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत! सोनेरी लेबलावरच किती बोलता आलं असतं. मी कोटात घामाघूम होऊन त्या वाक्याची वाट बघत उभा होतो.
तिने दोन्ही अर्धी एकमेकांवर नीट बसवली, फळ पुन्हा अख्खं दिसेल असं, आणि खोक्यात ठेवून दिलं. दुकानदाराला म्हणाली, या बागेचा माल एरवी फार चांगला असतो, यंदा उतरवायला उशीर झाला, होतं असं कधी कधी. त्याने विचारलं, ओळखीचे का. ती म्हणाली, हो, ओळखीचे आहेत.
दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली की नाशपाती आतून पिकत येते, झाडावर पिवळी दिसेपर्यंत आतून गेलेली असते, म्हणून टणक असतानाच उतरवायची आणि खोलीत पिकू द्यायची. मी विचारलं, इतक्या वर्षांत मला हे सांगितलं का नाहीस. म्हणाली, दरवर्षी सांगत होते. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.
‘त्यात काय एवढं’ म्हणायची वेळच आली नाही. घरी कधी येतेस, एवढंच विचारलं. ती म्हणाली, इथे मला विचारून घेतात. मला वाटलं, पुढे अजून काही बोलेल. उकाड्याने मी कोट उघडला होता; तिचा हात माझ्या शर्टाच्या तुटक्या बटणापर्यंत आला, मग तो एप्रनला पुसून ती आत वळली.
जाता जाता म्हणाली, विहिरीमागचं झाड उशिराचं आहे, तेवढं अजून हातात आहे.

२७ ऑगस्ट
काही नाही.

२८ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. ‘ओळखीचे’ म्हणाली ते बरोबरच आहे. नवरा म्हणाली असती तर दुकानदाराला वशिला वाटला असता. धंद्यात असं जपावं लागतं. मीही तेच म्हटलं असतं.
मीही तेच म्हटलं असतं का?

२९ ऑगस्ट
सगळा माल खपला. एका दिवसात, एका गिऱ्हाइकाला. गोठेवाल्याने गाईंसाठी नेला. फुकट. लेबलं काढून द्या म्हणाला, गाईंच्या पोटात कागद जायला नको. ओट्यावर बसून एकेक सोलून काढलं. चांगलं चिकटवलं होतं मी. निघता निघेना.
गोठेवाला मदतीला बसला. वहिनी आल्या का, हे आज त्याने विचारलं नाही. म्हणजे यालाही कळलं. सगळ्यांना कळलंच असणार.

३ सप्टेंबर
विहिरीमागचं झाड. ही दरवर्षी करायची ते आठवून केलं. फळ तळव्यात घ्यायचं, ओढायचं नाही, नुसतं वर उचलायचं. सुटलं तर आपलं, नाही सुटलं तर राहू द्यायचं. शिडी डुगडुगते. दरवर्षी खाली उभं राहून मी तिला सूचना द्यायचो. शिडी धरली नाही कधी.
मागची खोली उघडली. तिने जमिनीवर आधीच कागद अंथरून ठेवले होते, जाण्यापूर्वी. फळं एकमेकांना चिकटणार नाहीत एवढं अंतर ठेवून मांडली.

७ सप्टेंबर
टणक. पेटी आणि शाली पाठवून दिल्या. पेटीत वर निळा शर्ट ठेवला होता. मग काढून घेतला. बटण मीच लावलं. वाकडं बसलं.

१३ सप्टेंबर, दुपार
देठाशी अंगठा दाबला. किंचित आत गेला.
खाल्ली. ओट्याशी उभं राहूनच. रस कोपरापर्यंत ओघळला. इतकं गोड फळ आपल्या बागेत होतं आणि मी त्याला रवा म्हणत राहिलो. ही दरवर्षी पहिली पिकलेली बशीत कापून माझ्यापुढे ठेवायची आणि मी पेपर खाली न करता बशी सरकवायचो. मग ती स्वयंपाकघरात एकटी खायची.
फोन केला. म्हटलं, पिकल्या. ती म्हणाली, बरं झालं. मग म्हणाली, खा, ठेवू नका, फार दिवस टिकत नाहीत. मी म्हटलं, पाठवू का तुला थोड्या. ती म्हणाली, इथे दुकानात आहेत. मागून कोणीतरी तिला हाक मारली, बाई, जरा हा माल बघता का, आणि ती आले म्हणाली. त्यांना म्हणाली. इतकं मोकळं ‘आले’ मी या घरात कधी ऐकलं नव्हतं.
विकायच्या कोणाला, हा प्रश्न आता नाही. एका माणसाला पुरतील एवढ्याच आहेत.
ती येणार नाही. आज, या क्षणी, मला हे पक्कं कळलेलं आहे. उद्या सकाळी उठलो की पुन्हा वाटायला लागेल, येईल महिनाअखेर. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. येणार नाही.